माणिक नैसर्गिक आहे, पण त्याच्यावर काय काय केलंय?

वाचकाचं पत्र

“मुलीचा साखरपुडा मार्गशीर्षात आहे. तिच्यासाठी माणकाची अंगठी करायची आहे. आमच्या नेहमीच्या सराफांनी दोन माणकं दाखवली. एक साडेचार कॅरटचं, लालभडक. खड्याचे फक्त ९,००० रुपये. दुसरं जेमतेम सव्वा कॅरटचं, आत बारीक काहीतरी दिसतं, तरी त्याचे ७०,००० सांगतात. दोन्हींच्या कार्डावर ‘नॅचरल रुबी’ लिहिलंय. पहिल्याच्या खाली बारीक अक्षरांत ‘ग्लास फिल्ड’ आहे, दुसऱ्याच्या खाली ‘इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’. घरी सगळ्यांचं मत मोठं घ्यावं असं आहे. याच निमित्ताने सासूबाईंचा तन्मणी पॉलिशला दिला होता. मशीनमध्ये धुऊन आला आणि खोडातल्या, म्हणजे मधल्या पदकातल्या, पाचूत पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. कारागीर म्हणतो, तेल लावून देतो. पाचूला तेल लावतात? म्हणजे तो आधीपासून खोटाच होता का? शिवाय मुलाला सव्वापाच रत्तीचा पुष्कराज सांगितलाय, तोही ‘हीट न केलेला’च हवा. हे सगळं ओळखायचं कसं? आणि इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाकडे लेखी मागितलं तर बरं दिसेल का?” (एक वाचक, सांगली)

उत्तर

ताई, यात घाईचा प्रश्न तन्मणीचा आहे, म्हणून तो आधी घेऊ. दागिना अजून कारागिराकडे असेल तर फोन करून तेल लावणं थांबवा आणि तो घरी आणा. तेल लावण्यात गैर काही नाही. पण बिघाड नेमका कशाने झालाय हे बघायच्या आत तेल लावलं तर पुढे कुणालाच ते नीट सांगता येणार नाही.

पाचूला तेल लावतात. त्यावरून तो खोटा ठरत नाही. पाचू जमिनीत तयार होतो तेव्हाच त्यात बारीक चिरा असतात, आणि त्यातल्या काही पृष्ठभागापर्यंत येतात. अशा चिरेत हवा असते. पाचूचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना किती वळतो त्याचं माप, साधारण १.५७ ते १.५८, हवेचा १. एवढा फरक असला की प्रकाश चिरेवर आपटून परत फिरतो आणि चीर पांढरी, चंदेरी दिसते. सीडरवुड तेलाचा वक्रीभवनांक १.५१ च्या आसपास आहे. ते चिरेत भरलं की प्रकाश फारसा न अडखळता पार जातो आणि चीर नजरेआड होते. ती बुजलेली नसते, फक्त दिसत नाही. पाचू कोलंबियाचा असो वा झांबियाचा, जयपूरला घासलेला असो वा आणखी कुठे, बाजारात येणारा बहुतेक माल तेलातून किंवा रेझिनमधून (डिंकासारख्या चिकट द्रव्यातून) गेलेला असतो. हे व्यापारात सगळ्यांना ठाऊक आणि मान्य आहे. प्रश्न असतो तो किती तेल आणि कसलं, याचा.

पॉलिशवाल्याचं ते मशीन अल्ट्रासॉनिक असतं. कोमट किंवा गरम साबणाच्या पाण्यात कंपनं सोडून ते कानाकोपऱ्यातला मळ काढतं, आणि त्याच जोराने चिरेतलं तेलही काढतं. वाफेचा फवारा, उकळतं पाणी, अ‍ॅसिटोन यांनीही हेच होतं. म्हणजे तुम्हाला दिसणाऱ्या रेघा बहुधा जुन्याच आहेत, आज उघड्या पडल्यात इतकंच. ‘बहुधा’ एवढ्यासाठी की कंपनाने कधी कधी चीर पुढेही सरकते.

मात्र तन्मणीच्या बाबतीत दुसरीही शक्यता तितकीच दाट आहे. जुन्या खोडाची बैठक बऱ्याचदा बंद पाठीची असते. खड्याखाली चमकीसाठी पातळ चकचकीत पत्रा, म्हणजे डांक, आणि आत लाख. अशा बैठकीत पाणी शिरलं की डांक काळवंडतो आणि वरून खडाच खराब झाल्यासारखा वाटतो. फरक असा ओळखा: दहापट भिंगाखाली दागिना हळूहळू कलवा. रेघा खड्याच्या पोटात असतील, फांद्यांसारख्या पसरलेल्या असतील आणि एका कोनात चमकून दुसऱ्या कोनात नाहीशा होत असतील, तर तेल गेलंय. उलट डाग एकसारखा तळाशी बसलेला, करडा किंवा तपकिरी, आणि कलवला तरी तसाच राहत असेल, तर डांक गेलाय. मग तेलाचा काही उपयोग नाही. डांक बदलावा लागेल, आणि ते काम कुंदनाची बैठक उघडता येणाऱ्या जुन्या हाताच्या कारागिराचं. तिसरी शक्यता, खडा एकसंध नसून दोन बिनरंगी तुकडे हिरव्या थराने चिकटवलेले आहेत. तसं असेल तर कडेला बुडबुडे किंवा सुटत चाललेला थर दिसतो. जुन्या दागिन्यांत असे सांधलेले खडे सापडतात. तसा निघाला तर सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांनाही तो तसाच मिळाला असणार.

तेल गेल्याचं नक्की झालं, तर क्रम असा ठेवा. खोड मोत्यांच्या सरांपासून सोडवून घ्या. मोती, रेशमाचा दोरा आणि लाख या तिघांनाही द्रावण आणि उष्णता बाधते, त्यामुळे अख्खा तन्मणी कशातही बुडवू देऊ नका. मग पाचू बैठकीतून मोकळा करायचा. बैठक कमकुवत असेल तर इथेच थांबणं शहाणपणाचं. रेघांचा पाचू तुटलेल्या खोडापेक्षा बरा. मोकळ्या खड्याचं वजन आणि मिलिमीटरमधली लांबी-रुंदी-उंची तुमच्यासमोर लिहून घ्या, फोटो काढा. चीर टोकापर्यंत किंवा नखीच्या (खडा पकडून ठेवणाऱ्या आकड्याच्या) जागेपर्यंत गेली आहे का, हे कारागिराला भिंगातून दाखवायला सांगा.

नीट काम करणारा माणूस आधी जुनं तेल द्रावणाने पूर्ण काढतो, खडा कोरडा करतो, मग निर्वात भांड्यात चिरांमधली हवा ओढून घेतो आणि कोमट केलेलं तेल दाबाने आत जाऊ देतो. याला तास लागतात, कधी एखादा दिवसही. चिमट्याने खडा तेलात बुडवून फडक्याने पुसला तर ते तेल वरवर राहतं आणि काही आठवड्यांत रेघा परत दिसतात. तुम्ही दोन गोष्टी ठामपणे सांगा: तेल बिनरंगी हवं, आणि कडक होणारं रेझिन नको. जयपूरच्या बाजारात ‘जोबन’ नावाचं हिरवं तेल चालतं. त्याने फिका खडा गडद दिसतो, पण तो रंग तेलाचा असतो आणि तेलाबरोबर जातो. रेझिन जास्त टिकतं, चीर जास्त चांगली लपवतं, पण काही प्रकारची रेझिनं वर्षांनी पिवळी किंवा पांढरट होतात आणि चिरेतून काढणं फार अवघड जातं. तेल सुकलं तर परत लावता येतं, म्हणून वारशाच्या खड्याला तेलच बरं. आणि घरी खोबरेल, तूप असलं काही लावू नका. ते खवट होतं, धूळ धरतं आणि पुढच्या माणसाचं काम वाढवतं.

यापुढे हा तन्मणी मशीनमध्ये जाणार नाही. मऊ, किंचित ओलसर कापड आणि मग कोरडं कापड, बस्स.

आता माणिक. तुमच्या घरच्यांचं मत आम्हाला समजतं. साडेचार कॅरट लालभडक आणि ९,००० रुपये, म्हणजे कॅरटला २,०००. पण साध्या उष्णता दिलेल्या, चांगल्या रंगाच्या साडेचार कॅरटच्या माणकाची किंमत लाखांत असते. एवढी तफावत नशिबाने पडत नाही. ती ‘ग्लास फिल्ड’ या दोन शब्दांत आहे.

माणकाला उष्णता देणं जुनं आणि मान्य आहे. कुरुंदाला (माणिक, नीलम, पुष्कराज ही तिन्ही कुरुंदाचीच रूपं) साधारण ८०० ते १,८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. त्याने आतल्या रेशमासारख्या, रुटाइल या खनिजाच्या सुया विरघळतात, निळसर झाक जाते, रंग खुलतो. श्रीलंकेतला दुधट ‘गेउडा’ दगड १९७० च्या दशकात थायलंडच्या भट्ट्यांत निळा होऊ लागला, तेव्हापासून नीलमचा सगळा बाजारच बदलला. म्यानमारच्या मोंग सू खाणीतली माणकं १९९० च्या दशकात आली. त्यांच्या पोटात निळा-काळा गाभा असायचा, तो उष्णतेनेच जायचा. त्या भट्टीत टाकणखार वापरत, त्यामुळे काही चिरा भरून येत आणि तिथे काचेसारखा थोडा अंश उरे. प्रयोगशाळा त्यालाच ‘रेसिड्यू’ म्हणतात आणि मायनर, मॉडरेट, सिग्निफिकंट अशी त्याची प्रत लावतात. अशा खड्याचा रंग कायमचा असतो. तो रोज वापरता येतो, सराफाच्या नेहमीच्या कामाला टिकतो.

‘ग्लास फिल्ड’ म्हणजे शिसेकाच भरलेल्या माणकाचं प्रकरण याहून अगदी निराळं आहे, आणि २००४ च्या सुमारास ते बाजारात दिसू लागलं. यात घेतात तो चिरांनी भरलेला, जवळजवळ अपारदर्शक, एरवी दागिन्यात कुणी न घातलेला कुरुंद. आम्लाने त्यातला मळ काढतात आणि शिशाचं प्रमाण जास्त असलेल्या काचेच्या भुकटीबरोबर साधारण ९०० अंशांवर तापवतात. वितळलेली काच चिरांत शिरते. शिसं वाढलं की काचेचा वक्रीभवनांक वाढतो आणि माणकाच्या १.७६-१.७७ च्या जवळ जातो, म्हणून सगळ्या चिरा एका फटक्यात अदृश्य. पाचूच्या तेलाचंच हे तत्त्व, पण इथे काच इतकी असू शकते की खडा तिच्यावरच एकत्र धरलेला असतो. म्हणूनच जीआयए ही प्रयोगशाळा काच फार असलेल्या खड्याला ‘शिसेकाच आणि माणिक यांपासून बनवलेली वस्तू’ म्हणते.

आणि ही काच दुबळी असते. माणकाची कठिणता ९, काचेची ५ च्या आसपास, तर घरातल्या धुळीतल्या वाळूच्या कणांची ७. त्यामुळे रोजच्या पुसण्यानेच काचेच्या रेषा निस्तेज होतात, माणिक मात्र चकाकत राहतं. आम्ल तर तिचा शत्रूच. सोनार जोड दिल्यावर दागिना ज्या आम्लाच्या पाण्यात टाकतो ते काच खातं. लिंबाचा रस जास्त वेळ राहिला तरी पृष्ठभागाजवळची काच झिजते आणि पांढऱ्या खाचा उमटतात. स्वयंपाक करणाऱ्या, चिंच-लिंबाने भांडी घासणाऱ्या, फरशीला अ‍ॅसिड वापरणाऱ्या हातातली अंगठी किती दिवस टिकेल, तुम्हीच ठरवा. सगळ्यात मोठा धोका मापाचा. लग्नानंतर अंगठी सैल किंवा घट्ट झाली की सोनार गॅसची ज्योत लावतो. खडा न काढता ती लावली तर काच वितळून बाहेर येते आणि खड्यात जाळं उमटतं. हे दुरुस्त होत नाही.

हा खडा तुम्ही स्वतः ओळखू शकता. १० पट मोठं दाखवणारं चांगलं भिंग घ्या, शक्यतो तीन काचांचं. मोबाइलचा दिवा खड्याच्या बाजूने मारा, वरून नको. खडा कलवत राहा. चिरेच्या पातळीवर निळी किंवा जांभळट झाक क्षणभर चमकून गेली, आणि त्याच पातळीत चपटे गोल बुडबुडे दिसले, तर काच आहे. मग खड्याच्या वरच्या सपाट पैलूवर खिडकीचं प्रतिबिंब पाडा. चकाकी मध्येच मंद रेषांनी तुटत असेल तर त्या रेषा म्हणजे वर आलेली काच. तुमच्या साडेचार कॅरटवर दोन मिनिटांत हे दिसायला हवं.

म्हणून आमचं स्पष्ट मत: साखरपुड्याच्या अंगठीसाठी काच भरलेलं माणिक घेऊ नका. सव्वा कॅरटचं घ्या, पण ७०,००० देण्याआधी त्याच्या कार्डावर ‘रेसिड्यू’चा उल्लेख आहे का हे पाहा. तो नसेल किंवा मायनर असेल तर ठीक. सिग्निफिकंट असेल तर ही किंमत जास्त आहे. आत बारीक काहीतरी दिसतं म्हणून बिचकू नका, खाणीतल्या माणकात ते असतंच. ७०,००० जड जात असतील तर एक कॅरटच्या आतलं उष्णता दिलेलं माणिक बघा. किंवा लाल स्पिनेल विचारा. तो देखणा खडा आहे, कठिणता ८, आणि त्यावर सहसा कुठलीच प्रक्रिया केलेली नसते. इंग्लंडच्या राजमुकुटातलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ मुळात स्पिनेलच आहे. मोठाच खडा हवा, आकाराचीच हौस असेल, तर प्रयोगशाळेत बनवलेलं माणिक त्याच नावाने, त्याच्या भावात घेणं काच भरलेल्यापेक्षा केव्हाही चांगलं. ते टणक असतं, सोनाराच्या कामाला टिकतं. ज्योतीत वितळवून माणिक बनवण्याची फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नॉयची पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली. त्यामुळे आजीच्या नथीतलं माणिकही कधी कधी तसलंच निघतं.

पुष्कराजाबद्दल थोडक्यात, पण इथे फसवणूक सूक्ष्म असते. उष्णता न दिलेला आणि दिलेला यांच्या भावात कित्येक पटींचा फरक पडतो, आणि डोळ्यांनी, भिंगानेही, खात्रीने सांगता येत नाही. आतलं रेशीम अखंड दिसलं तर उष्णता न दिल्याचा तो चांगला संकेत, पण पुरावा प्रयोगशाळेच्या उपकरणांचाच. बाजारात ‘बँकॉकचा’ म्हणून स्वस्त, गडद पिवळा जो पुष्कराज मिळतो, तो बऱ्याचदा बेरिलियमबरोबर तापवलेला असतो. फिक्या दगडात बेरिलियम शिरतं आणि तो आरपार पिवळा होतो. ही पद्धत २००१-०२ च्या सुमारास उघडकीला आली. ती पकडायला लेझरने खड्याचा अतिसूक्ष्म कण उडवून रासायनिक तपासणी करावी लागते आणि ते यंत्र प्रत्येक प्रयोगशाळेत नसतं. म्हणून अहवाल घेताना बेरिलियमची तपासणी केली का, हे वेगळं विचारा. किरणोत्साराने पिवळा केलेला दगडही असतो. त्याचा रंग उन्हात उडतो. घेतल्यावर आठवडाभर उन्हाच्या खिडकीत ठेवून पाहा. रंग फिका पडला तर तो टिकाऊ नव्हता.

सव्वापाच रत्तीचंही बघून घ्या. रत्ती दुकानागणिक बदलते. कुणी ती सुमारे १८२ मिलिग्रॅमची धरतो, कुणी १२१ च्या थोडी वर. पहिल्या हिशेबाने सव्वापाच रत्ती म्हणजे साधारण ४.८ कॅरट, दुसऱ्याने ३.२. भाव आणि बिल दोन्ही कॅरटमध्येच मागा; एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, सगळीकडे. आणि बिलावर नुसतं ‘पुखराज’ नको, ‘पिवळा नीलम, कुरुंद’ असं लिहून घ्या. नाहीतर त्या नावाखाली टोपाझ किंवा ‘सुनेला’ नावाचा पिवळा स्फटिकही गळ्यात पडतो.

बाकीच्या खड्यांचं धावतं सांगतो. नीलम बहुतेक तापवलेलाच असतो, त्यात वावगं नाही. मात्र माणकासारखाच कोबाल्टच्या निळ्या काचेने भरलेला नीलमही विकतात, तो टाळा. बाजारातला निळा टोपाझ जवळजवळ सगळा किरणोत्सार आणि उष्णतेने निळा केलेला, आणि तो रंग टिकतो. सुनेला बहुतेक वेळा तापवलेला जांभळा स्फटिक. पोवळं आणि फिरोजा यांना रंग देतात. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने न दिसणाऱ्या बाजूला हलकेच पुसून बघता येतं, कापूस रंगला तर उघडच आहे. मोत्यांना मात्र अ‍ॅसिटोन लावू नका. गोमेदावर सहसा काही करत नाहीत. हिऱ्यांतही चिरा काचेने भरण्याचा प्रकार आहे, तेव्हा स्वस्त मोठ्या हिऱ्याबाबतही हाच प्रश्न विचारा. खडा दुधात टाकून बघणं, केस गुंडाळून जाळणं, तोंडाची वाफ सोडणं, यातून प्रक्रियेबद्दल काहीही कळत नाही. ओरखडा काढून तर मुळीच बघू नका.

कार्ड आणि अहवाल यांत फरक करा. दुकानातलं प्लास्टिकचं छोटं कार्ड कुणी दिलंय, त्यावरचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर उघडतो का, तिथलं वजन आणि मापं हातातल्या खड्याशी जुळतात का, एवढं बघा. मोठ्या अक्षरातलं ‘नॅचरल’ फक्त खडा जमिनीतून आला हे सांगतं. तुमच्या कामाची ओळ ‘ट्रीटमेंट’ किंवा ‘कॉमेंट्स’ची. ‘नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’ म्हणजे उष्णतेची खूण सापडली नाही. ‘एच’ अक्षर उष्णता दाखवतं, ‘ओ’ तेल किंवा रेझिन, ‘एफ’ भराव, ‘आर’ किरणोत्सार, ‘यू’ बेरिलियमसारख्या द्रव्याचं आत मुरणं. ती ओळ रिकामी असेल तर खडा प्रक्रियामुक्त आहे असं समजू नका. तपासणीच झाली नसेल. मुंबईत ऑपेरा हाउस भागातली जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आणि जयपूरची, पूर्वी जेम टेस्टिंग लॅबोरेटरी म्हणून ओळखली जाणारी प्रयोगशाळा, ही रंगीत खड्यांसाठी विश्वासाची नावं आहेत. खडा मोकळा असतानाच पाठवा. बसवलेल्या खड्याच्या अहवालात ‘बैठकीमुळे दिसलं तेवढंच’ अशी मर्यादा येते. आणि दागिन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अक्षरांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळखक्रमांक) फक्त सोन्याबद्दल बोलतो, खड्याबद्दल एक अक्षर नाही.

बिलावर शब्द साधारण असे हवेत: “नैसर्गिक माणिक (कुरुंद), एक नग, १.२५ कॅरट, मापं अमुक, फक्त उष्णता दिलेली, चिरांमध्ये शिसेकाच नाही. अहवाल क्रमांक अमुक. पंधरा दिवसांत प्रयोगशाळेच्या तपासणीत यापेक्षा वेगळं आढळल्यास खड्याची पूर्ण रक्कम परत.” त्याखाली एकूण वजन, खड्याचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं. सव्वा कॅरट म्हणजे पाव ग्रॅम. तेवढं वजन सोन्याच्या भावात धरलेलं नाही ना, बघा. असं बिल हातात असेल तर पुढे वाद झालाच, तरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तोंडी ‘शंभर टक्के ओरिजिनल’वर मात्र काही सिद्ध होत नाही.

आता ओळखीचा प्रश्न. तुमच्या सराफांनी कार्डावर ‘ग्लास फिल्ड’ लपवलेलं नाही, हे त्यांच्या बाजूने लक्षात घ्या. छोट्या गावातल्या बऱ्याच दुकानदारांना खडे मुंबई-जयपूरच्या व्यापाऱ्याकडून पुडीत येतात आणि पुडीवर जे लिहिलंय तेच ते पुढे सांगतात. म्हणून संशयाच्या सुरात विचारू नका. “भाऊ, मुलीला सासरी दागिना देतेय, पुढे तिला साफसफाई करताना काय टाळायचं हे माहीत हवं. खड्यावर काय केलंय ते बिलावर लिहून द्या,” एवढं म्हणा. हे कारण खरंच आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही. माहीत असलेला माणूस लगेच लिहून देईल. माहीत नसलेला व्यापाऱ्याला फोन करून विचारेल. लिहायला साफ नकार मिळाला, तर खडा तिथून घेऊ नका. सोनं आणि घडणावळ त्यांच्याकडेच ठेवा, अहवालासह मोकळा खडा दुसरीकडून आणून त्यांच्याकडे बसवा. तशी पद्धत आहे, आणि त्याने संबंध तुटत नाहीत.

अहवाल यायला आणि खडा बसवायला मिळून तीन आठवडे तरी हातात ठेवा. आणि मुलीच्या बोटाचं माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोटं किंचित बारीक असतात. अंगठी पहिल्यांदाच बरोबर मापाची झाली की खड्याजवळ पुन्हा ज्योत न्यायची वेळ येत नाही.